गुंतवणुकीचा पाच कोटींचा फ्लॅट विकला जात नाहीये, भाव पाडू का?

मुंबईतला रिकामा फ्लॅट, पाच कोटींची अपेक्षा, आठ महिने गिऱ्हाईक नाही, असा तुमचा प्रश्न आहे. लगेच भाव पाडू नका. आधी एजंट कमी करा. एकच फ्लॅट दहा जणांकडे दहा भावांनी फिरला की गिऱ्हाईक समजतं, पार्टी अडली आहे. एकालाच, ठरावीक मुदतीसाठी द्या.

तुमची खरी स्पर्धा शेजारच्या बिल्डरशी. त्याच्या बांधकाम चालू असलेल्या फ्लॅटवर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पाच कोटींवर २५ लाख. तुमच्याकडे ओसी (भोगवटा प्रमाणपत्र, म्हणजे इमारत राहायला तयार असल्याचा अधिकृत दाखला) असेल तर तो शून्य. हा आकडा एजंटला तोंडपाठ पाहिजे! मुद्रांक शुल्क दोन्हीकडे भरावंच लागतं.

ओसी, इंडेक्स टू (खरेदीच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट (सोसायटीच्या सभासदत्वाचा दाखला), सोसायटीची थकबाकी नसल्याचा दाखला एका फाइलीत तयार ठेवा. या किमतीचा घेणारा वकील घेऊनच येतो, आणि एक कागद अडला की टोकन (सौदा पक्का करायची आगाऊ रक्कम) लांबतं.

रंग, गळती, दिवे एवढंच करा. इटालियन मार्बल वगैरेचे पैसे सहसा वसूल होत नाहीत. घेणारा ते उखडून स्वतःचं बसवतो. आणि घेऊन २४ महिने व्हायला थोडेच दिवस उरले असतील तर थांबा, त्यानंतर नफा करासाठी दीर्घकालीन धरला जातो आणि कर सहसा कमी बसतो.