एकजुटता, पाठिंबा की साथ?

रामबागेतल्या एका ताईंचा प्रश्न आहे. त्यांच्या मंडळात चिलीमधल्या 2019 च्या आंदोलनाच्या छायाचित्रांचं प्रदर्शन भरतंय. पत्रकात वाक्य आहे: 'नवउदार असमानता आणि राज्य दमनाविरुद्ध लढणाऱ्या चिलीच्या जनतेशी आम्ही एकजुटता प्रकट करतो.' मंडळातल्या एका काकांनी 'एकजुटता' खोडून वर 'पाठिंबा' लिहिलं. बरोबर कोण?

काकांनी खोडलं ते योग्यच, पण वर जे लिहिलं ते मला पटत नाही.

'एकजुटता' हिंदी आहे. हिंदीत 'एकजुट' हे विशेषण, 'हम एकजुट हैं', म्हणून त्याचं नाम करायला 'ता' जोडावा लागतो. मराठीत 'एकजूट' मुळातच नाम आहे: कामगारांची एकजूट, एकजुटीचा विजय असो. तिला आणखी 'ता' कशाला? आपण इंदूरकर दिवसभर दोन भाषांत वावरतो, त्यामुळे हे चालायचंच. बोलताना कोणी अडवू नये, छापताना मात्र बघावं.

पण 'ता' काढून नुसतं 'जनतेशी एकजूट' ठेवलं तरी वाक्य लंगडतंच. एकजूट आपसात असते. आपली हुकुमचंद मिल 1991 मध्ये बंद पडली आणि कामगारांच्या थकबाकीचे 224 कोटी सुटायला 2023 चा डिसेंबर उजाडला. तोवर धीर धरून राहिली ती कामगारांची एकजूट. मिलमध्ये कधी पाऊल न टाकलेला माणूस त्यांच्या धरण्यात येऊन बसला, तर तो त्या एकजुटीचा भाग होत नाही. तो साथ देतो.

आता 'पाठिंबा'. हा शब्द राजकारणाने फार वापरून घेतलाय. पाठिंबा जाहीर होतो, बिनशर्त असतो, बाहेरून असतो आणि एक दिवस राज्यपालांना पत्र देऊन काढूनही घेतला जातो. साथ कोणी 'काढून घेत' नाही, साथ सोडतात. आणि 'त्याने साथ सोडली' म्हणताना ठपका आपोआप येतो. शिवाय तबल्याची साथ करणारा गायकाबरोबर त्याच मंचावर बसतो, समोर श्रोत्यांत नाही. ताईंना म्हणायचंय ते हेच असावं. एकच जपून राहा: 'चिलीतून आंदोलनाची साथ' असा मथळा केलात तर लोक कॉलरा समजतील. 'साथ देणे' असं क्रियापदासह वापरलं की गोंधळ नाही.

बाकीचं भराभर. 'दमन' मराठीत चुकीचं नाही, पण इंद्रियांचं बरं वाटतं. सरकार करतं ती दडपशाही. 'राज्य दमन' वाचून तर इथला वाचक भोपाळकडे बघेल. चिलीत 18 ऑक्टोबर 2019 नंतर आणीबाणी लागली, संचारबंदी आली, अध्यक्ष पिन्येरा 'आपण युद्धात आहोत' म्हणाले आणि पोलिसांच्या छऱ्यांनी व अश्रुधुराच्या नळकांड्यांनी चारशेहून अधिक लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. याला सौम्य शब्द नको. 'असमानता'ऐवजी विषमता.

'नवउदार' मात्र अडचणीचा आहे. उदार म्हटलं की आपल्याला दानशूर आठवतो. चिलीत 1973 च्या लष्करी उठावानंतर निवृत्तिवेतन खासगी कंपन्यांकडे गेलं, पाण्याचे हक्क विकाऊ झाले. यात उदार कोण झालं? महाराष्ट्रातल्या चळवळींनी खासगीकरण, उदारीकरण, जागतिकीकरण यांची आद्याक्षरं जुळवून 'खाउजा' असा झणझणीत शब्द घडवला आहे. इंदुरात तो फारसा कानावर येत नाही, म्हणून कंसात फोड देऊन वापरा.

ताईंनी आणखी एक विचारलंय: खिडकीत उभं राहून भांडी बडवणाऱ्या बाईच्या छायाचित्राखाली काय लिहावं? स्पॅनिशमध्ये याला कासेरोलासो म्हणतात, कासेरोला म्हणजे पातेलं. 'थाळीनाद' लिहू नका, तो 2020 च्या मार्चपासून करोनाच्या नावावर जमा आहे. आपल्याकडे मृणाल गोरे आणि अहिल्या रांगणेकर यांच्या काळात मुंबईत महागाईविरुद्ध बायकांचा लाटणे मोर्चा निघाला होता. त्याच चालीवर इथे 'पातेलेबडव' म्हणा. मोर्चा म्हणता येणार नाही, बाई घरातच उभी आहे. गंमत म्हणजे चिलीत 1971 मध्ये हीच रिकामी पातेली समाजवादी अध्यक्ष आयेंदे यांच्याविरुद्ध वाजली होती, 1983 मध्ये लष्करी हुकूमशहा पिनोचेतविरुद्ध वाजली आणि 2019 मध्ये मेट्रोच्या तिकिटात 30 पेसो वाढले तेव्हा पुन्हा. 'प्रश्न 30 पेसोंचा नाही, 30 वर्षांचा आहे' (म्हणजे हुकूमशाही संपल्यानंतरच्या) ही घोषणा फलकावर दिसत असेल तर मराठीतही आकडेच ठेवा, त्यात जोर आहे.

तेव्हा पत्रकात असं छापा: 'खाउजा धोरणांतून आलेल्या विषमतेविरुद्ध आणि सरकारी दडपशाहीविरुद्ध लढणाऱ्या चिलीच्या जनतेला आमची साथ आहे.' 'प्रकट करतो' गाळलं तरी चालतं. आणि काकांना हट्टच असेल तर 'सक्रिय पाठिंबा' लिहू द्या, पण मग मंडळाने सक्रिय म्हणजे काय करायचं तेही ठरवावं लागेल.