बाळंतपणानंतर खोकताना-शिंकताना लघवी गळते. कीगल व्यायामाने थांबेल का?
हो, बहुतेकींना चांगला फरक पडतो, काहींचं गळणं पूर्ण थांबतं. पण निदान ३ महिने नेटाने करावं लागतं. बाळंतपणात मूत्राशयाला खालून आधार देणारे स्नायू सैल पडतात. ते व्यायामाने बळकट करण्याची पद्धत अमेरिकेतले डॉ. आर्नोल्ड कीगल यांनी १९४८ मध्ये मांडली. ब्रिटनच्या ‘नाइस’ या आरोग्यसंस्थेची शिफारसही आधी हाच उपाय करण्याची आहे: एका वेळी किमान ८ आकुंचनं, दिवसातून ३ वेळा.

गॅस रोखताना आवळतो तसे स्नायू आत-वर ओढा, ५ सेकंद धरा (जमेल तसं १० पर्यंत न्या), मग तेवढाच वेळ पूर्ण सैल सोडा. हे सैल सोडणंच बऱ्याच जणी गाळतात! पोट, मांड्या आवळू नका, श्वास रोखू नका. लघवी मध्येच अडवून रोजचा सराव तर नकोच, त्याने मूत्राशय नीट रिकामं होत नाही. शिंक येतेय असं वाटलं की आधी आवळून घ्या.

मात्र जळजळ, लघवीत रक्त किंवा योनीतून काही खाली आल्यासारखं वाटत असेल तर आधी स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.