साडेतीन वर्षांच्या मुलाला लिहायची तयारी म्हणून कोणते कलेचे उपक्रम द्यावेत?

पेन्सिल तूर्तास बाजूला ठेवा, आधी माती किंवा क्ले द्या. मळणं, चिमटणं, वळून लांबलचक साप करणं, यात बोटांचे तेच छोटे स्नायू राबतात जे पुढे पेन्सिल धरतात.

खडू द्यायचे तर तुटलेले, बोटाच्या पेराएवढे द्या. अख्खा खडू मूल मुठीत धरतं; एवढासा तुकडा मुठीत धरता येत नाही, म्हणून अंगठा आणि दोन बोटं आपोआप पुढे येतात. कागद भिंतीवर चिकटवलात तर मनगट आणि खांद्यालाही काम मिळतं. (भिंत थोडी रंगेल, त्याची तयारी ठेवा.)

अक्षरांची घाई नको. साधारण तिसऱ्या वर्षी गोल जमतो, चौथ्याच्या आसपास अधिकचं चिन्ह, त्रिकोण पाचव्याच्या सुमारास. बोथट कात्रीने आधी नुसते कागदाच्या पट्टीचे तुकडे, मग सरळ रेघेवर कापणं.

पिवळ्यात निळा मिसळण्याआधी “काय होईल रे?” विचारा. अंदाज बांधणं तिथेच सुरू होतं. आणि “हे काय काढलंस?” यापेक्षा “सांग ना याची गोष्ट” म्हणा, मूल भरभरून बोलतं. आखलेल्या चित्रात रंग भरायची पुस्तकं मला फारशी पटत नाहीत.