माळ घातली की दारू सुटेल का?

प्रश्न : मिस्टर रोज पितात, बरीच वर्षं झाली. सासूबाई म्हणतात पंढरपूरला नेऊन माळ घालू, डॉक्टर-बिक्टर काही नको. काय करू?

उत्तर : ताई, माळेला नाही म्हणू नका, कारण माळकऱ्याला दारू-मटण वर्ज्य असतं आणि गावात सगळ्यांचं लक्षही असतं, शिवाय संध्याकाळी प्यायच्या वेळेला भजनाला बसलं की तो तास निघून जातो, असे सुटलेले लोक आहेत. पण रोज पिणाऱ्याने एकदम बंद केली तर हातपाय थरथरतात, फिट येऊ शकते, भास होतात, कधी जिवावरही बेततं, म्हणून आधी डॉक्टर, मग पंढरपूर. आणि माळ त्यांनी स्वतः मागितली पाहिजे, सासूबाईंनी घातलेली खुंटीवर जाते (स्पष्ट बोलतोय, राग मानू नका).

देवावर विश्वास नसेल तरी अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस (दारू सोडू पाहणाऱ्यांचा, एकमेकांना आधार देणारा ग्रुप) आहे, 1935 मध्ये अमेरिकेत सुरू झालं, मीटिंगला पैसे नाहीत. तिथे ‘आपल्याला समजलेला देव’ एवढंच म्हणतात, काही जण तर ग्रुपलाच देव मानतात, चालतं. अॅडमिट करायची वेळ आली तर पुण्यात मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र आहे. तुम्ही स्वतः अल-अॅनॉनच्या मीटिंगला जा, ती घरच्यांसाठीच असते, मिस्टर तयार नसले तरी जाता येतं.