शिसवीची साइड कमरेतच का तडकते: पाणी पुरे, आता कड बघा

गिटारची साइड, म्हणजे बाजूची वळणदार पट्टी, तुम्ही रात्रभर भिजवली, उकळत्या पाण्यातले टॉवेल गुंडाळले, फॅब्रिक सॉफ्टनरही घालून पाहिला, तरी शिसवीची ती पट्टी दोन्ही वेळा कमरेच्या, म्हणजे गिटारच्या मधल्या अरुंद भागाच्या, वळणातच तडकली. आता प्रेशर कुकरची वाफ देऊ का, असं तुम्ही विचारलंय. कुकर राहू द्या. तुमची पोस्ट वाचताना अंगावर काटा आला, कारण याच चक्रात माझे दोन हिवाळे गेले.

आधीच सांगतो, मी धंदेवाईक गिटारमेकर नाही. नोकरी सांभाळून करतो आणि जास्त करून शिसव, थोडं महोगनी, एवढंच वाकवलंय. तेव्हा माझं ऐका, पण आधी रद्दी तुकड्यावर करून बघा.

साचा, पट्टी वाकवायचा तापता पाइप, जाडी मोजायचा कॅलिपर हे सगळं तुमच्याकडे असणार, त्यावर लिहीत नाही. मुद्दा एवढाच की लाकूड मऊ करते ती उष्णता. तंतूंना धरून ठेवणारं लिग्निन ओलं असताना साधारण 100 अंशांच्या आसपास नरम पडतं. पाण्याचं काम उष्णता आत पोचवायची आणि लाकूड करपू द्यायचं नाही. दोन मिलिमीटरच्या पट्टीला त्यासाठी रात्रभर बादलीत ठेवायची गरज नाही. शिसवीला मी फक्त स्प्रे मारतो आणि सुकली की परत मारतो.

आता हिशेब बघा. तुमची जाडी 2.2 मिमी आहे, कमरेची त्रिज्या 6 सेमी धरू. वाकवताना बाहेरचा थर सुमारे 1.8 टक्के ताणला जातो. गरम ओलं लाकूड दाबलं तर पंचवीस टक्क्यांपर्यंत निमूट दबतं, ताणलं तर एक-दोन टक्क्यांत तुटतं. म्हणजे लाकूड उत्तम असलं तरी तुम्ही काठावरच आहात. पाइपच्या विरुद्ध बाजूने स्प्रिंग स्टीलची पातळ पट्टी धरून वाकवा. ताण ती घेते, लाकडाच्या वाट्याला दाब येतो. आणि जाडी 2 मिमीपर्यंत खाली आणा.

पण माझा अंदाज आहे की तुमचं दुखणं वेगळंच आहे. तुम्ही लिहिलंय की भेग सरळ आडवी गेली नाही, 'सालपट उचलल्यासारखी' निघाली. हे तंतू तिरपे असल्याचं लक्षण, ज्याला सगळे रनआउट म्हणतात. पट्टीच्या जाडीतून तंतू तिरके जाऊन पृष्ठभागावर संपत असतील, तर वळणात तंतू तुटतच नाहीत, एकमेकांपासून सुटतात. त्यावर पाणी, वाफ, सॉफ्टनर, कशाचाच इलाज नाही.

मला ज्यांनी गिटारच्या लाकडाचे सेट विकले त्यांचं नाव घेत नाही. 'क्वार्टर सॉन (वाढीच्या कड्या पृष्ठभागाला उभ्या येतील असा काप), गिटार ग्रेड' म्हणून घेतले होते आणि क्वार्टर सॉन ते खरंच होते. दर्शनी बाजूला रेघा पट्टीने आखल्यासारख्या. फसगत तिथेच आहे: दर्शनी रेघा सरळ असल्या म्हणजे जाडीतली रेषा, म्हणजे तंतूंची दिशा, सरळ असते असं नाही. ओंडका थोडा वाकडा असेल आणि फळ्या जास्त निघाव्यात म्हणून करवत तंतूंच्या दिशेने न लावता सोयीने लावली, की हे होतं.

पहिली तडकल्यावर त्यांना फोटो पाठवले. उत्तर आलं, 'लाकूड नैसर्गिक आहे, कमी भिजवलं असेल.' मग जास्त भिजवलं. तडकली. 'अजून भिजवा, कोमट पाण्यात.' भिजवलं, आता तडकलीही आणि पन्हळीसारखी वाकलीही. वर लोखंडी क्लॅम्पच्या जागी निळे-काळे डाग, कारण लाकडातलं टॅनिन ओल्या लोखंडाशी जमवून घेत नाही. (मधे अ‍ॅल्युमिनियम फॉइल ठेवली तर हे टळतं, पण त्यांनी ते सांगितलं नाही.) शेवटी परत घ्या म्हटलं, तर नियम दाखवला: माल मूळ जाडीत आणि न कापलेला हवा. अहो, साडेतीन मिलिमीटर जाडीच्या, करवतीच्या खुणांनी भरलेल्या पट्टीत तिरपी रेषा दिसते का? ती रंधा मारल्यावरच दिसते, आणि रंधा मारला की परतीचा हक्क गेला! पैसे गेले त्याचं एवढं नाही. तज्ज्ञ म्हणून दिलेल्या त्या सल्ल्यापायी मी कितीतरी काळ पाण्यामागेच लागलो, याचा राग अजून आहे.

उलगडा ओळखीच्या सुतारकाकांनी केला. त्यांनी उरलेला तुकडा उभा धरला, पटाशी ठेवून एक हलका ठोका दिला आणि तुकडा तिरपा फाटला. 'हे लाकूड वाकणार कसं, ते आधीच निघून चाललंय,' एवढंच म्हणाले.

तुम्ही आज तेच करा. पट्टी लावताना टोकाचा जो जादा भाग असतो तो कापून जाडीतून फाडा. करवतीने कापलेला चालणार नाही, फाटलेलाच हवा. फाट दोन्ही पृष्ठभागांना साधारण समांतर गेली तर ठीक. शिसवीत रेषा थोडी गुंतलेली असतेच, त्यामुळे फाट खडबडीत येईल, त्याने घाबरू नका. एकाच दिशेने कललीय का ते बघा. फाडायचं नसेल तर अरुंद कड 320 च्या पॉलिश पेपरने घासून भिंगातून बघा. शिसवीची छिद्रं लांब रेघोट्यांसारखी दिसतात. त्या तीन-चार सेंटिमीटरमध्येच जाडी ओलांडून बाहेर पडत असतील, तर ती पट्टी ब्रिज किंवा हेडस्टॉकच्या तुकड्यांसाठी ठेवा. साइडसाठी हट्ट करू नका.

पुढच्या वेळी शक्य असेल तर वखारीत स्वतः जा आणि फळीची कड रंध्याने चार बोटं साफ करून द्यायला सांगा. जो नाही म्हणेल त्याच्याकडून घेऊ नका. शिसव असल्यामुळे पक्की पावती मागाच. गिटार कधी परदेशी जाणार असेल तर 2017 मध्ये शिसव वर्गातल्या लाकडांवर आलेल्या साइट्स या वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या निर्बंधांतून तयार वाद्यांना 2019 मध्ये सूट मिळाली आहे, पण सुट्या पट्ट्यांना नाही.

रेषा चांगली निघाली तर मग पाइपकडे वळू. पाण्याचा थेंब पाइपवर नुसता उकळत बसला तर पाइप गार आहे, नाचत घरंगळला तर तापलाय, पट्टीतून धूर आला तर फार तापलाय. सुरुवात कमरेपासून. जोर लावू नका, हलका दाब ठेवून थांबा. लाकूड एका क्षणी स्वतःहून सैल पडतं, ते हाताला कळतं. त्याआधी दाबलं की तडकतं. जाडी सगळीकडे सारखी हवी, नाहीतर पातळ जागी कोपरा पडतो आणि तो पुढे घासून जात नाही. साच्यात रात्रभर ठेवा, दुसऱ्या दिवशी कोरड्या पाइपवर जिथे वळण सैल होऊन उघडलंय तिथेच परत शेका.

जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप आतून गॅसच्या टॉर्चने तापवत असाल तर तो आधी बदला. ज्योत थेट जस्तावर लागते आणि तो धूर घेण्यासारखा नाही. अ‍ॅल्युमिनियमचा जाड पाइप बरा. शिसवीच्या भुशाने अनेकांना खाज आणि दम लागतो, मास्क लावा. अमेरिकेहून सिलिकॉन ब्लँकेट (पट्टी तापवायची विजेची चादर) मागवणार असाल तर व्होल्टेज बघून घ्या. 110 चं ब्लँकेट आपल्या 230 वर लावायचं नसतं, आणि ओल्या लाकडाशेजारी वीज म्हणजे ईएलसीबी (वीज गळली की बंद करणारा स्विच) हवाच. साइड पावसाळ्यात वाकवल्या तरी चालतात, टॉपला (गिटारच्या वरच्या फळीला) आतून ब्रेसिंगच्या आधारपट्ट्या मात्र तेव्हा चिकटवू नका.

कड घासून भिंगाजवळून फोटो टाका. दर्शनी बाजूचा नको, कडेचाच.