साठ दिवस एकच नाहीत, तीन आहेत

तुझी परिस्थिती मला कळली ती आधी थोडक्यात लिहिते, चुकलं असेल तर सांग. बत्तिसावा आठवडा चालू आहे आणि बाळंतपणाची तारीख १७ नोव्हेंबर. नवऱ्याची नोकरी १२ सप्टेंबरला गेली आणि विमा ३० सप्टेंबरला संपतोय. तो एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर, तू त्याची बायको म्हणून एच-फोरवर. मोठा मुलगा साडेतीन वर्षांचा, इथे अमेरिकेतच जन्मलेला. घर न्यू जर्सीत, कंपनी बरीच मोठी. जुलैत तुला तीन रात्री ऑब्झर्वेशनला ठेवलं होतं, त्यामुळे वर्षाचं डिडक्टिबल, म्हणजे विमा पैसे द्यायला लागण्याआधी आपण भरायची रक्कम, भरून झालंय. आणि पुण्याहून सासूबाई म्हणतायत, "सरळ इकडे निघून या." तुझा प्रश्न एवढाच, की आता बाळंतपणासाठी विमा कुठला धरायचा. मी वयाने मोठी आहे म्हणून अगं-तुगं करतेय, राग मानू नकोस.

यातून मी गेलेय. जानेवारी २००९, एडिसन, तेहेतिसावा आठवडा. २००७ च्या जुलैत ग्रीन कार्डाच्या रांगेतल्या सगळ्या तारखा एकदम खुल्या झाल्या तेव्हा ग्रीन कार्डाचा अर्ज टाकून ठेवलेला होता, म्हणून स्टेटसचं, म्हणजे देशात राहण्याच्या परवानगीचं, संकट नव्हतं. पण विमा ३१ जानेवारीला बंद. तेव्हा ओबामाकेअर, म्हणजे आधीच्या आजारावरून विमा नाकारू न देणारा कायदा, नव्हता. बाहेर वैयक्तिक पॉलिसी मागायला गेलं तर गरोदरपण म्हणजे 'आधीचा आजार', त्याचा खर्च नाकारता यायचा. राहिला कोब्रा, म्हणजे नोकरी गेल्यावरही पूर्ण हप्ता स्वतः भरून कंपनीचाच विमा चालू ठेवायचा हक्क. आईला फोनवर सांगितलं तर ती म्हणाली, "विमा आहे की नाग?" फेब्रुवारीचा हप्ता १,३४० डॉलर भरला तेव्हा मलाही तोच प्रश्न पडला होता. त्याच महिन्यात मंदीतल्या पॅकेजमधे सरकारने कोब्राच्या हप्त्यातला ६५ टक्के वाटा उचलला आणि मार्चचा हप्ता ४६९ वर आला. तुझ्या वेळी ती सवलत नाही. पण बाकी कायदा तुझ्या बाजूने पुष्कळ बदललाय.

तुमच्या घरात सध्या 'साठ दिवस, साठ दिवस' असं सारखं चालू असेल. ते तीन वेगवेगळे आहेत. पहिले नवऱ्याच्या एच-वन-बीचे, नोकरी गेल्यावर इथे राहता येतं ते. शेवटच्या कामाच्या दिवसापासून मोजायचे, म्हणजे ११ नोव्हेंबर. तुझी तारीख त्यानंतर आहे, म्हणून नवी नोकरी, बी-टूचा (पर्यटक व्हिसाचा) अर्ज किंवा वकील सांगेल ते, ११ च्या आत दाखल झालंच पाहिजे. दुसरे कोब्रा निवडण्याचे. विमा संपला तो दिवस किंवा कोब्राची नोटीस दिलेला दिवस, यातला जो नंतरचा असेल तिथून मोजायचे, म्हणजे लवकरात लवकर २९ नोव्हेंबर. तिसरे राज्याच्या विमा-बाजारातून, गेटकव्हर्डएनजे या वेबसाइटवरून, नवा प्लॅन घेण्याचे. तेही विमा संपल्यापासूनच मोजतात, पण तिथे प्लॅन निवडल्यावर विमा पुढच्या महिन्याच्या एक तारखेपासून लागतो, मागच्या तारखेने नाही. या एका फरकावर सगळं ठरतं.

कारण कोब्रा मागच्या तारखेने लागतो. मुदतीच्या आत फॉर्म पाठवलास आणि हप्ते भरलेस की १ ऑक्टोबरपासून मधे एक दिवसही खंड पडला नाही असं धरतात. फॉर्म पाठवल्यावर पहिला हप्ता भरायला आणखी ४५ दिवस मिळतात.

आता बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही ते सांगते. कोब्रा सगळ्या घराने मिळून घ्यावा लागत नाही. घरातल्या प्रत्येकाचा हक्क स्वतंत्र असतो. म्हणजे फक्त तू घेऊ शकतेस. २०२५ मधे कंपन्यांच्या विम्याचा सरासरी वार्षिक हप्ता कुटुंबाला २६,९९३ डॉलर आणि एकट्याला ९,३२५ डॉलर होता. कोब्रात तो पूर्ण हप्ता आणि वर २ टक्के भरायचे असतात. म्हणजे कुटुंबाचे महिन्याला जवळजवळ २,३०० आणि एकटीचे ८०० च्या आत. ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर असे तीन महिने धरलेस तर फरक किती पडतो बघ. नवरा आणि मुलगा फॉर्म न भरता थांबू शकतात. २९ नोव्हेंबरपर्यंत काही मोठं झालंच तर तेव्हा फॉर्म भरायचा आणि १ ऑक्टोबरपासूनचे हप्ते द्यायचे. तोपर्यंत फुकटची छत्री. न्यू जर्सीत विमा नसल्याचा राज्याचा दंड आहे, पण तीन महिन्यांपेक्षा कमी खंड चालतो.

मग तूही थांबावंस का? कायद्याने थांबता येईल. पण मी सांगेन, थांबू नकोस. तुला विमा लागणार हे नक्की आहे आणि हप्ते शेवटी तेवढेच भरायचेत. उशिराने मिळतो तो फक्त काउंटरवरचा मनस्ताप. पस्तिसाव्या आठवड्यात मी तपासणीला गेले तेव्हा रिसेप्शनवरच्या मुलीने स्क्रीन माझ्याकडे फिरवला. माझ्या नावापुढे 'इनअॅक्टिव' होतं. फॉर्म जाऊन अकरा दिवस झाले होते, पण कोब्रा सांभाळणाऱ्या कंपनीने पुढे कळवलंच नव्हतं. तिने 'सगळा खर्च स्वतः देईन' असं लिहिलेला गुलाबी कागद पुढे केला. मी सही केली नाही. पर्समधे झिपलॉकच्या पिशवीत रजिस्टर पोस्टाची हिरवी पावती आणि चेकची झेरॉक्स होती, ती काढून दाखवली. मग आतून बिलिंगवाली आली, बिचारीने स्वतः फोन लावला आणि चाळीस मिनिटं होल्डवर राहिली. तेवढ्यात मी फॉइलमधलं थालीपीठ संपवलं. शेवटी 'इलेक्शन रिसीव्ड', म्हणजे कोब्राचा फॉर्म पोचला, असा एका ओळीचा फॅक्स आला आणि डॉक्टरांनी मला आत घेतलं. त्यानंतरही दोन क्लेम नाकारले गेले, ते मे महिन्यात सुटले. तुझा फॉर्म ऑनलाइन असेल तर स्क्रीनशॉट काढ, टपालाने असेल तर पोचपावतीचंच टपाल कर.

कोब्राचं दुसरं कारण म्हणजे तुझं भरलेलं डिडक्टिबल. कोब्रा हा तोच प्लॅन असतो, त्यामुळे या वर्षी तू भरलेलं सगळं जमेस राहतं. बाजारातला नवा प्लॅन शून्यापासून सुरू होतो. २०२५ मधे एका माणसाकडून वर्षाला जास्तीत जास्त ९,२०० डॉलर घेता येत होते. बाळंतपण नोव्हेंबरात म्हटल्यावर त्यातला मोठा भाग तुझ्या खिशातून जाईल, सबसिडी मिळाली तरी. माझा विमा जानेवारीत गेला, तेव्हा डिडक्टिबल नुकतंच कोरं झालं होतं, म्हणून मला हा फायदा नव्हता. एप्रिलमधे कुणी हाच प्रश्न विचारला तर माझं उत्तर वेगळं असेल.

तिसरं कारण बिलाच्या पद्धतीत आहे. इथे ओबीचं, म्हणजे बाळंतपणाच्या डॉक्टरचं, बिल बहुतेक वेळा एकगठ्ठा असतं. गरोदरपणातल्या तपासण्या, बाळंतपण आणि नंतरची भेट, सगळं एका कोडखाली, बाळंतपणानंतर. मधे विमा बदलला की तो गठ्ठा फोडावा लागतो. तपासण्यांचं वेगळं, डिलिव्हरीचं वेगळं. मग कोणी काय द्यायचं यावर दोन्ही विमा कंपन्या एकमेकींकडे बोट दाखवतात. ओबीच्या ऑफिसातल्या बिलिंगवालीशी याच आठवड्यात बोल. डॉक्टरांना यातलं काही ठाऊक नसतं.

पैसे अगदीच अडत असतील तर मेडिकेडचा, म्हणजे कमी कमाईवाल्यांच्या सरकारी विम्याचा, दरवाजा ठोठाव, लाजू नकोस. न्यू जर्सीत त्याला एनजे फॅमिलीकेअर म्हणतात. ते वर्षभराची कमाई बघत नाहीत, या महिन्याची बघतात. ऑगस्टपर्यंत पगार चांगला होता म्हणून ऑक्टोबरात नकार मिळत नाही. बँकेत किती शिल्लक आहे तेही विचारत नाहीत. सेव्हरन्स, म्हणजे काढताना कंपनी देते तो पैसा, मात्र ज्या महिन्यात हातात येतो त्या महिन्याची कमाई धरतात. गरोदर बाईला तिच्या पोटातलं बाळ धरून मोजतात, त्याने मर्यादा थोडी वर सरकते. कायदेशीर स्टेटसवर असलेल्या गरोदर बायकांना पाच वर्षं थांबायला न लावणाऱ्या राज्यांत न्यू जर्सी आहे. ग्रीन कार्डाची भीती वाटत असेल तर, २०२२ च्या नियमात असं मेडिकेड 'पब्लिक चार्ज', म्हणजे सरकारवरचा बोजा, म्हणून मोजायचं नाही असं ठरलं होतं, आणि २०१९ च्या कडक नियमातही गरोदरपणातलं मेडिकेड वगळलेलंच होतं. तरी वकिलाला एक ईमेल टाक. अडचण असते ती ही की सगळे ओबी ते घेत नाहीत, आणि चौतिसाव्या आठवड्यात डॉक्टर बदलणं माझ्या मते आठशे डॉलरपेक्षा महाग पडतं. मुलाचा मेडिकेडचा अर्ज मात्र आजच कर, तो इथला नागरिक आहे. मेडिकेडवर असताना बाळंत झालीस तर बाळाला पहिलं वर्षभर ते आपोआप मिळतं. कोब्रावर असलीस तर जन्मानंतर ३० दिवसांच्या आत बाळाचं नाव घालायचं. बाळाचं बिल पहिल्या दिवसापासून आईच्या बिलापेक्षा वेगळं येतं, हे आपल्याला भलत्याच वेळी कळतं.

स्वस्त 'शॉर्ट टर्म' प्लॅनची जाहिरात आता तुझ्या फोनवर सारखी दिसेल. आईबाबा येतात तेव्हा आपण घेतो त्या व्हिजिटर विम्याची ती बहीण. बाळंतपण त्यात नसतं.

आता सासूबाईंचं. त्यांचं म्हणणं वेडगळ नाही, पुण्यात चांगल्या खाजगी हॉस्पिटलात रोख भरूनही इथल्यापेक्षा कितीतरी कमी लागतात. तिथली नवी पॉलिसी मात्र उपयोगाची नाही, बाळंतपणासाठी महिनोनमहिने, कधी वर्षानुवर्षं थांबावं लागतं. बहुतेक विमान कंपन्या छत्तिसाव्या आठवड्यानंतर घेत नाहीत, त्याआधीही डॉक्टरांचं पत्र मागतात. जुलैत तुला तीन रात्री ठेवलं होतं, म्हणून आधी ओबीला विचार की ती असं पत्र देईल का. नाही म्हणाली तर विषय तिथेच संपला, आणि सासूबाईंना सांगायला कारणही मिळालं. उलट त्यांनाच बोलवून घे. त्यांचा व्हिसा असेल तर ऑक्टोबरअखेर येऊ देत.

आणि एक. कोब्राची नोटीस टपालाने येते, कधीकधी जुन्या पत्त्यावर. एचआरला उद्या फोन करून पत्ता तपास, आणि विमा नक्की ३० तारखेलाच संपतो ना, हे लेखी मागून घे. पत्र आलं की वरचं पाकीट फेकू नकोस. तारखेवरून वाद झाला तर त्यावरचा टपालाचा शिक्काच दाखवता येतो.