म्हातारा बैल विकला तर मीच फसेन का?

प्रश्न : कोरडवाहू शेती, म्हातारी बैलजोडी. दरवर्षी बाजारात येणारे कुरेशी व्यापारी यंदा आलेच नाहीत, रस्त्यात गोरक्षक पोरं गाडी अडवून मारतात म्हणे. बैल विकणं गुन्हा आहे का? आणि त्या पोरांना हक्क कोणी दिला? – एक कास्तकार, यवतमाळ जिल्हा

उत्तर : भाऊ, बैल विकणं गुन्हा नाही, कापायसाठी विकणं किंवा नेणं गुन्हा आहे. राज्याच्या 1976 च्या प्राणी रक्षण कायद्यात फक्त गाय होती, बैल निकामी झाल्याचा दाखला मिळाला की कापता यायचा. 1995 ला विधिमंडळाने बैल-वळूही त्यात घातले, राष्ट्रपतींची मंजुरी 2015 ला आली, आता 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 हजारांपर्यंत दंड. म्हणून बाजाराची पावती घ्याच, तिच्यावर घेणाऱ्याचं नाव-गाव, मोबाईल आणि बैलाच्या कानातल्या बिल्ल्याचा नंबर लिहून घ्या, बिनापावतीचा सौदा नको.

पोरांना हक्क कोणीच दिलेला नाही. गाडी थांबवून तपासायची तर फौजदार किंवा त्याच्या वरचा पोलीस पाहिजे, नाहीतर सरकारने नेमलेला माणूस. गळ्यात भगवं उपरणं म्हणजे नेमणूक नव्हे. अशा झुंडींसाठी 2018 ला सुप्रीम कोर्टाने प्रत्येक जिल्ह्यात एसपी दर्जाचा नोडल अधिकारी नेमायला सांगितलंय, अर्ज त्याच्या नावाने टाका, पोच घ्या.

आता तुम्ही विचारलं नाही तेही सांगतो. हे सगळं चालतं हिंदूंच्या नावाने, पण म्हाताऱ्या जोडीचे पैसे आले की त्यात भर टाकून नवे गोऱ्हे घेणारा कास्तकार बहुतेक हिंदूच, तो बुडाला. कुरेशाचा तर पिढ्यांचा धंदा गेला आणि वरून जिवाची भीती, गावातल्या गरिबाचं, त्यात दलित आलेच, मोठ्याचं स्वस्त मटण गेलं. मेलेलं ढोर ओढायला ज्याला बोलवायचं, कातडं काढलं म्हणून मारायचं पण त्यालाच, 2016 ला गुजरातेत उन्याला हेच झालं. आणि गंमत पाहा, ज्या सावरकरांचे फोटो ही मंडळी लावतात ते गायीला उपयुक्त पशू म्हणायचे, पूजेच्या विरोधात होते, हे त्या पोरांना कोणी सांगितलेलं दिसत नाही.

गोशाळेत सोडायचा विचार असेल तर आधी स्वतः जाऊन पाहून या, काही ठिकाणी सोडतानाच चाऱ्याचे पैसे मागतात.